उष्ण जमीन आणि तिचे आच्छादन : कोरियातील ओन्दोल गृहरचनेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

थंड प्रदेशांतील घरे उबदार ठेवण्यासाठी जमिनीखालून उष्णता देण्याची पद्धत प्राचीन आहे. या पद्धतीच्या इतिहासात अग्नी, इंधन व धूरमार्ग यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु जमिनीवरील आच्छादनाकडे प्रामुख्याने सजावटीची बाब म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत शोधनिबंधात कोरियातील ‘ओन्दोल’ पद्धतीच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, उष्ण जमिनीचे आच्छादन हा तापनव्यवस्थेचाच एक कार्यकारी घटक असतो. इंधन बदलले की आच्छादनाचे कार्यही बदलते. हा बदल वेळेवर ओळखला गेला नाही तेव्हा त्याची किंमत मनुष्यहानीच्या रूपाने मोजावी लागली.

बीजसंज्ञा : तळतापन, हायपोकॉस्ट, ओन्दोल, जांगपान, कोळशाची वडी, कार्बन मोनॉक्साइड, उष्णतारोध.

१. प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवाऱ्याचा इतिहास लिहिताना भिंती, छप्पर, दारे-खिडक्या यांचा विचार विस्ताराने होतो. जमीन मात्र गृहीत धरली जाते. वस्तुतः घरातील माणसाचा सर्वाधिक आणि सततचा स्पर्श जमिनीशीच असतो. ज्या समाजात लोक जमिनीवर बसतात, जमिनीवर जेवतात आणि जमिनीवरच झोपतात, त्या समाजात जमीन ही एकाच वेळी आसन, पंगत आणि शय्या असते. अशा समाजाने जमीनच तापवून घर उबदार ठेवण्याची कला विकसित केली, तर त्यात नवल नाही.

जमिनीखालून उष्णता देण्याच्या या पद्धतीस आज अंडरफ्लोअर हीटिंग असे म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी ‘तळतापन’ ही संज्ञा योजली आहे. प्राचीन रोमन साम्राज्यातील स्नानगृहे, पश्चिम आशियातील हमाम, काश्मीरमधील मशिदींना जोडून असलेले हमाम आणि कोरियातील राहती घरे ही तिची ठळक उदाहरणे होत. यांपैकी कोरियाचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. तेथे तळतापन सार्वजनिक स्नानगृहापुरते किंवा धनिकांच्या वाड्यापुरते मर्यादित राहिले नाही; ते कालांतराने सर्व थरांतील लोकांच्या निवासाचा पाया बनले आणि आजही टिकून आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) ओन्दोलच्या रचनेत आच्छादनाचे नेमके कार्य काय होते, हे स्पष्ट करणे.
२) इंधनातील बदल आणि आच्छादनातील बदल यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) या इतिहासाच्या प्रकाशात आजच्या आच्छादन-निवडीच्या निकषांचा अर्थ लावणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उपलब्ध प्रकाशित साधनांचा आधार घेतला आहे. रोमन हायपोकॉस्टचा विचार केवळ तुलनेपुरता केला आहे.

३. रोमन पूर्वपीठिका : हायपोकॉस्टची जमीन

इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने ‘द आर्किटेक्तुरा’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात स्नानगृहाच्या अधांतरी जमिनीची रचना सांगितली आहे. सर्वांत खाली दीड फुटी विटांची फरशी असावी आणि तिचा उतार भट्टीच्या तोंडाकडे असावा. आत टाकलेला चेंडू तेथे न थांबता परत तोंडाशी घरंगळत यावा, इतका तो उतार असावा. या फरशीवर आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे खांब उभारावेत. विटा जोडण्यासाठी केस मिसळून मळलेली माती वापरावी. खांबांवर दोन फुटी विटा टाकून त्यांवर वरची जमीन करावी.

या वर्णनातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक म्हणजे केस मिसळलेल्या मातीचा उल्लेख. तापणाऱ्या आणि निवणाऱ्या बांधकामात भेगा पडतात आणि तंतू मिसळल्याने मातीची पकड वाढते, याची जाण त्यामागे दिसते. दुसरी म्हणजे वरच्या जमिनीची जाडी. मोठ्या विटांवर कुटलेल्या खापरीच्या चुन्याचा थर आणि त्यावर संगमरवर किंवा रंगीत खड्यांचे जडावकाम अशी ही भरभक्कम जमीन असे. ती तापण्यास वेळ लागे, परंतु एकदा तापली की दीर्घकाळ उष्ण राही आणि खालचा धूर वर येऊ देत नसे. इंग्लंडमधील चेडवर्थ व बिग्नर येथील रोमनकालीन निवासांच्या अवशेषांत हायपोकॉस्ट आणि जडावकामाच्या जमिनी दोन्ही आढळतात. आज ही जडावकामे कलाकृती म्हणून पाहिली जातात. तथापि दगडी खड्यांची ही जमीन उष्णता सहज वर पोचवणारी, पाण्याने न बिघडणारी आणि उष्णतेने न वाकणारी होती, हेही तितकेच खरे आहे. सौंदर्य आणि उपयुक्तता यांची येथे फारकत नव्हती.

४. ओन्दोल : रचना आणि विकास

‘ओन्दोल’ हा चिनी लिपीतून रूढ झालेला शब्द असून त्यातील पहिल्या पदाचा अर्थ ‘उबदार’ असा आहे. त्याचा देशी पर्याय ‘गुदुल’ असा आहे आणि त्याची व्युत्पत्ती ‘भाजलेले दगड’ या अर्थाच्या शब्दांशी जोडली जाते. रचना तत्त्वतः सोपी आहे. स्वयंपाकघरातील चूल शेजारच्या खोलीच्या जमिनीपेक्षा खालच्या पातळीवर असते. चुलीतील ज्वाळा व धूर खोलीखालच्या दगडमातीच्या नाल्यांतून वाहत जाऊन पलीकडच्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडतात. या नाल्यांवर सपाट दगडी चिपा अंथरलेल्या असतात आणि त्याच खोलीची जमीन बनतात. भात शिजवण्यासाठी लावलेल्या जाळातच खोली तापते. एकाच सरपणातून अन्न आणि ऊब ही दोन्ही कामे साधतात.

या पद्धतीची पूर्वरूपे कोरियन द्वीपकल्पाच्या उत्तर भागात आणि त्यालगतच्या प्रदेशात इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून आढळतात. इ.स. ९४५ मध्ये पूर्ण झालेल्या ‘जुना तांग इतिहास’ या चिनी ग्रंथात गोगुर्यो राज्यातील गरीब लोक हिवाळ्यात लांब खळगे करून त्यांखाली मंद अग्नी ठेवतात व ऊब मिळवतात, असा उल्लेख आहे. म्हणजेच प्रारंभी हे गरिबांचे साधन होते आणि खोलीच्या काही भागापुरते मर्यादित होते. संपूर्ण खोलीच्या जमिनीखाली नाल्या पसरवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. जोसन राजवटीच्या काळात (१३९२–१९१०), विशेषतः सतराव्या शतकातील कडक थंडीच्या पार्श्वभूमीवर, ओन्दोल राजवाड्यापासून झोपडीपर्यंत पसरला, असे अभ्यासकांचे मत आहे.

चीनच्या उत्तर भागातील ‘कांग’ या व्यवस्थेशी ओन्दोलची तुलना नेहमी केली जाते. कांग हा खोलीतील एक तापवलेला ओटा असतो. त्यावर बोरूच्या चटया अंथरल्या जातात. खोलीची उरलेली जमीन थंडच असते आणि तेथे पादत्राणे घालून वावरता येते. ओन्दोलमध्ये संपूर्ण जमीन शय्या बनत असल्याने पादत्राणे बाहेर काढणे अपरिहार्य ठरले आणि जमीन रोज पुसण्याची शिस्त आली. आच्छादन गुळगुळीत, पुसता येण्याजोगे आणि अंगाला न बोचणारे असणे ही गरज तेथून निर्माण झाली.

तापलेल्या जमिनीवर सर्वत्र सारखी ऊब नसे. चुलीजवळचा भाग ‘आरॅन्मोक’ अधिक गरम, तर धुराड्याकडचा ‘विन्मोक’ थंड असे. आरॅन्मोक ही वडीलधाऱ्यांची व पाहुण्यांची मानाची जागा होती. बाहेर गेलेल्या माणसासाठी झाकण घातलेला भाताचा वाडगा तेथेच पांघरुणाखाली ठेवला जाई. सततच्या उष्णतेने त्या जागेचे आच्छादन काळवंडत असे. घरातील मानाच्या उतरंडीचा नकाशाच जणू जमिनीच्या रंगात उमटलेला असे.

५. कागदाची जमीन

दगडी चिपांवर थेट वावरणे शक्य नव्हते. चिपांची जाडी सारखी नसे, त्यांच्यामध्ये फटी असत आणि खाली धूर असे. म्हणून प्रथम फटी लहान दगड व मातीने बुजवून त्यावर मातीचा थर देत. तो सुकवून चोपून सपाट केला जाई. त्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून तयार केलेला ‘हान्जी’ हा चिवट कागद खळीने अनेक थरांत चिकटवत. सर्वांत वरचा जाड कागद म्हणजे ‘जांगपान’. भिजवलेले सोयाबीन वाटून त्यात पेरिला नावाच्या तेलबियेचे तेल मिसळत. हे मिश्रण कापडाच्या पुरचुंडीत बांधून त्या पुरचुंडीने कागद पुन्हा पुन्हा घासला जाई. तेल कागदात मुरून सुकले की जमीन पिवळसर, चकचकीत आणि ओल्या फडक्याने पुसता येण्याजोगी होई.

परदेशी प्रवाशांना कागदाची जमीन हे कुतूहल वाटले असल्यास आश्चर्य नाही. आगीवर कागद अंथरणे हे वरकरणी विसंगतच दिसते. तथापि या निवडीमागे सुसंगत कारणमीमांसा आहे. कागदाचे थर पातळ असल्याने उष्णता अडून राहत नाही. ते एकसंध असल्याने मातीतील बारीक भेगांतून येणारा धूर रोखला जातो. तेलामुळे ओल आत शिरत नाही. सालीच्या लांब तंतूंमुळे कागद तापण्या-निवण्याचा ताण सहजी सोसतो. फाटलेला तुकडा कापून तेथे नवा चिकटवता येतो. उष्णता वर सोडणे आणि धूर खाली ठेवणे अशी दोन परस्परविरोधी वाटणारी कामे हे आच्छादन एकाच वेळी करीत होते.

ही जमीन सर्वांनाच परवडत नसे. गरिबांच्या घरांत मातीच्या थरावर बोरूच्या किंवा गवताच्या चटया अंथरून भागवले जाई. चटई अंगाला ऊब देते, परंतु धूर रोखू शकत नाही. म्हणून गरिबांच्या खोलीत धूर अधिक आणि माती वारंवार लिंपण्याचे कष्टही अधिक. महाराष्ट्रातील शेणाने सारवलेल्या जमिनीप्रमाणेच येथेही जमीन ही एकदा करून विसरण्याची वस्तू नव्हती. तिची सतत निगा राखावी लागे.

ओन्दोलमधील उणिवा समकालीन कोरियन विद्वानांच्याही ध्यानात आल्या होत्या. पाक जी-वॉन (१७३७–१८०५) या विचारवंताने १७८० मध्ये चीनमधील जेहोलपर्यंत प्रवास केला. ‘योल्हा इल्गी’ या आपल्या प्रवासवृत्तात त्याने कांगची तुलना ओन्दोलशी करून ओन्दोलचे सहा दोष नोंदवले. दगड कमीजास्त जाडीचे असतात. खोलगट जागा मातीने भरल्यामुळे जमीन सारखी तापत नाही. नाल्या नको तितक्या उंच व रुंद असतात. भिंतींच्या फटींतून वारा शिरून धूर खोलीत कोंदतो. चुलीच्या तोंडाची रचना सदोष असल्याने ज्वाळा आत ओढल्या जात नाहीत. आणि नवी खोली सुकवण्यासाठी सरपणाच्या शंभर मोळ्या जाळाव्या लागतात, तरी दहा दिवसांत तेथे राहता येत नाही, असा त्याच्या टीकेचा आशय आहे. विशेष म्हणजे या दोषांपैकी बहुतेकांचा परिणाम शेवटी आच्छादनावर होतो. जेथे दगड असमान तेथे कागद करपतो आणि जेथे माती नीट सुकत नाही तेथे तो सुटतो. दोष खालचा असला तरी तो दिसतो वरच्या थरावर.

कोरियन घराचा दुसरा चेहरा म्हणजे ‘मारू’ ही लाकडी तक्तपोशी. उन्हाळ्यातील दमट उष्म्यासाठी जमिनीपासून उंचावर बांधलेली, खालून वारा खेळता ठेवणारी ही मोकळी पडवी ओन्दोलच्या खोल्यांना लागून असे. थंडीसाठी कागद आणि उन्हाळ्यासाठी लाकूड अशी विभागणी एकाच छपराखाली होती. तापणाऱ्या जमिनीवर लाकूड वापरत नसत. या विभागणीचे महत्त्व पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट होते.

६. सरपण, जंगल आणि वसाहतवाद

घरोघरी ओन्दोल आल्याने सरपणाची मागणी वाढली. जोसन राज्यकर्त्यांनी पाइन वृक्षांच्या तोडीवर निर्बंध घातले होते. तरीही वस्त्यांलगतचे डोंगर उघडे पडत गेले. जपानी राजवटीत (१९१०–१९४५) वनाधिकाऱ्यांनी जंगलांच्या ऱ्हासाचे खापर मोठ्या प्रमाणात ओन्दोलवर फोडले. डेव्हिड फेडमन यांच्या ‘सीड्स ऑफ कंट्रोल’ (२०२०) या ग्रंथात वसाहतकालीन वनधोरणाची चर्चा असून त्यात ओन्दोलच्या प्रश्नालाही स्थान आहे. वसाहतवादी टीकेत वस्तुस्थितीचा अंश होता. पण थंडीत कुडकुडणाऱ्या कुटुंबाच्या चुलीला दोष देणे राज्यसत्तेला सोयीचेही होते, हे विसरता येत नाही. पुढे दक्षिण कोरियात १९७३ पासून दहा वर्षांची राष्ट्रीय वनीकरण योजना राबवली गेली आणि तिचे लक्ष्य १९७८ मध्ये, म्हणजे मुदतीपूर्वीच पूर्ण झाले. हे यश शक्य झाले, कारण तोवर शहरांतील चुलींमध्ये सरपणाची जागा कोळशाने घेतली होती. डोंगर हिरवे झाले. परंतु या बदलाची दुसरी बाजू घरांच्या आत घडत होती.

७. कोळशाची वडी आणि जमिनीतील भेग

कोरियन युद्धानंतर (१९५०–१९५३) शहरांकडे लोकांचे लोंढे आले आणि ‘योन्तान’ हे घरगुती इंधन सर्वत्र पसरले. दगडी कोळशाच्या, म्हणजे अँथ्रासाइटच्या, भुकटीपासून केलेली ही उभी भोके असलेली नळकांड्याच्या आकाराची वडी होय. प्रचलित वडीचे वजन सुमारे साडेतीन किलो असे. दिवसातून दोन-तीन वेळा वडी बदलली की खोली अहोरात्र उबदार राही. सरपणाच्या तुलनेत ती स्वस्त, साठवण्यास सोपी आणि जवळजवळ धूररहित होती.

हाच धूररहितपणा घातक ठरला. सरपणाचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि वासाने कळतो. जमिनीत भेग पडली की घरातील माणूस ठसका लागून जागा होतो. एका अर्थी धूर हाच भेगेची वर्दी देणारा पहारेकरी होता. धुमसत जळणाऱ्या कोळशातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू मात्र रंगहीन आणि गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याचा संयोग प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी सहज होतो, त्यामुळे झोपेतील माणूस जागाच होत नाही. सरपणासाठी घडलेल्या जुन्या नाल्या, जुना मातीचा थर आणि जुना कागद तसाच ठेवून खाली केवळ इंधन बदलले गेले. मातीच्या थरातील केसाएवढी भेग सरपणाच्या काळात गैरसोय होती. कोळशाच्या काळात ती मृत्यूचे कारण ठरू लागली.

आच्छादनाचा येथील संबंध दुहेरी आहे. अखंड कागद वायूला काही प्रमाणात अडवतो. परंतु तोच कागद खालच्या मातीतील भेग नजरेआडही करतो. शिवाय कागद जेथे भिंतीला भिडतो तो कडेचा सांधा सर्वांत दुर्बल असतो. वरून नवा कागद चिकटवून जमीन चकचकीत दिसली, तरी खालचा थर दुरुस्त झाला असे होत नाही. १९६० ते १९८० च्या दशकांत वायुबाधेने झालेले मृत्यू ही कोरियन वृत्तपत्रांतील हिवाळ्याची नेहमीची बातमी होती. मोठ्या रुग्णालयांत बाधितांसाठी उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कोठ्या ठेवाव्या लागल्या. मुळ्याच्या ‘दोंगचिमी’ या आंबवलेल्या लोणच्याचे पाणी पाजणे हा घरगुती उपाय लोकप्रिय होता. त्याला वैद्यकीय आधार नव्हता, पण हाताशी दुसरे काही नसणाऱ्यांचा तोच आधार होता.

या संकटाला वर्गीय बाजू होती. स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य जमीन उकरून नव्याने करवून घेऊ शकत होता. डोंगरउतारावरील दाटीच्या वस्त्यांत भाड्याच्या खोलीत राहणारे मजूर आणि कारखान्यांतील तरुण कामगार यांना ते शक्य नव्हते. जमिनीची दुरुस्ती म्हणजे खोली काही दिवस रिकामी करणे आणि तेही ऐन थंडीत. खोलीची जमीन कोणाच्या मालकीची आणि तिच्यावर झोपणारा कोण, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा जीवनमरणाशी निगडित होते. गृहरचनेचा इतिहास सामाजिक इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

८. पाइपमधील पाणी आणि आच्छादनाची मुक्तता

या समस्येवरील टिकाऊ उत्तर आच्छादनातून मिळाले नाही. ते अग्नीला खोलीखालून हलवण्यातून मिळाले. बॉयलरमध्ये पाणी तापवून ते जमिनीतील पाइपांतून खेळवण्याची पद्धत १९७० व १९८० च्या दशकांत विस्तारली. पाइप सिमेंटच्या थरात गाडलेले असत आणि जमिनीखाली धूर किंवा वायू राहिला नाही. बहुमजली इमारतीत प्रत्येक मजल्याखाली चूल पेटवणे अशक्यच होते. गरम पाण्याच्या पाइपांमुळे ओन्दोल वरच्या मजल्यांवरही पोचला. पाश्चात्त्य धर्तीचे रेडिएटर काही सदनिकांत बसवले गेले, परंतु जमिनीवर बसण्या-झोपण्याची सवय असलेल्या रहिवाशांचे त्यांनी समाधान झाले नाही. १९८० च्या दशकाअखेरपासून तेल व शहरी वायूचा वापर वाढला आणि कोळशाची वडी मागे पडत गेली.

याचा आच्छादनावर झालेला परिणाम मूलगामी होता. वायू रोखण्याची जबाबदारी संपली. पीव्हीसीचे गुंडाळीतील पत्रे तेलकट कागदाची जागा घेऊ लागले. ते स्वस्त होते, एका दिवसात अंथरता येत आणि पाण्याला दाद देत नसत. त्यांच्या प्रारंभीच्या रंगांत जुन्या कागदाची पिवळसर छटा राखली गेली आणि ‘जांगपान’ हे नावही त्यांनाच चिकटले. वस्तू बदलली तरी शब्द टिकला. रोजच्या व्यवहारात जांगपान म्हटल्यावर आज कोरियन माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा प्लॅस्टिकची जमीन येते.

पुढचा टप्पा लाकडाचा. परंपरेने उन्हाळ्याच्या पडवीचे असलेले लाकूड आता तापलेल्या खोलीत आणण्याची इच्छा मध्यमवर्गात निर्माण झाली. येथे जुन्या विभागणीमागील शहाणपण उघड झाले. अखंड लाकूड हिवाळ्यात खालच्या उष्णतेने ओलावा गमावून आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. फळ्यांमध्ये फटी पडतात किंवा त्या उचलल्या जातात. यावर उपाय म्हणून प्लायवूडच्या पायावर पातळ लाकडी पापुद्रा बसवलेल्या फळ्या आल्या. प्लायवूडमध्ये लागोपाठच्या थरांतील रेषा एकमेकांशी काटकोनात असल्याने प्रत्येक थर शेजारच्या थराची हालचाल अडवतो. या फळ्या थेट सिमेंटच्या थराला चिकटवल्या जातात, म्हणजे मध्ये हवेची पोकळी राहत नाही. त्यांना ‘ओन्दोल-मारू’ असे नाव मिळाले. शतकानुशतके शेजारी असूनही वेगळे राहिलेले दोन शब्द एका वस्तूत एकत्र आले.

९. पश्चिमेकडील प्रवास

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी टोकियो येथील बॅरन ओकुरा यांच्या निवासातील ‘कोरियन खोली’चा अनुभव आपल्या आत्मचरित्रात नोंदवला आहे. तेथील जमिनीच्या उबेने ते प्रभावित झाले आणि पुढे १९३७ मधील विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथील जेकब्स निवासात त्यांनी काँक्रीटच्या जमिनीखाली पाइप टाकले. आच्छादन म्हणून त्यांनी काँक्रीटलाच रंग देऊन ते उघडे ठेवले. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन वसाहतीत काँक्रीटच्या जमिनीत तांब्याचे पाइप टाकून वर डांबरी लाद्या बसवल्या होत्या. युद्धोत्तर काळातील सामान्य सैनिकाच्या घरासाठी ही काटकसरीची निवड होती. दोन्ही उदाहरणांत आच्छादन पातळ व खालच्या थराला घट्ट चिकटलेले आहे, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. हेच साम्य जुन्या तेलकट कागदातही होते.

१०. आजचे निकष : इतिहासाच्या प्रकाशात

आधुनिक अभियांत्रिकीने या अनुभवसिद्ध ज्ञानाला संख्यांचे रूप दिले. आच्छादनाचा उष्णतारोध त्याच्या जाडीला त्याच्या उष्णतावाहकतेने भागून मिळतो. सुमारे १० मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक लादीचा रोध साधारण ०.०१ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट येतो. १५ मिलिमीटर ओक लाकडाचा तो ०.०९ च्या आसपास, तर १० मिलिमीटर जाडीच्या दाट गालिच्याचा ०.१५ किंवा त्याहून अधिक असू शकतो. ईएन १२६४ हे युरोपीय मानक आच्छादनाचा रोध ०.१५ पेक्षा अधिक नसावा असे सांगते. त्याच मानकानुसार वावराच्या जागेत जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान २९ अंश सेल्सिअसपेक्षा, स्नानगृहात ३३ अंशांपेक्षा आणि बाह्य भिंतीलगतच्या पट्ट्यात ३५ अंशांपेक्षा अधिक नसावे. लाकडी जमिनीसाठी उत्पादक बहुधा याहून कमी, २७ अंशांच्या आसपासची मर्यादा सांगतात.

या आकड्यांचा व्यावहारिक अर्थ असा : दगड व लादी लवकर तापतात आणि उष्णता सहज सोडतात, लाकडाला तापमानाची आणि आर्द्रतेची मर्यादा सांभाळावी लागते, जाड गालिचा उष्णता खालीच कोंडतो, त्यामुळे पाणी अधिक तापवावे लागते व इंधन वाया जाते. चिकटद्रव्ये आणि प्लॅस्टिक यांतून बाहेर पडणारी वाफ उष्णतेने वाढते, म्हणून तापणाऱ्या जमिनीसाठी त्यांची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते. जमिनीखालचा वायू गेला तरी आच्छादनातूनच येणाऱ्या वायूचा प्रश्न या रूपाने शिल्लक राहिला आहे. सिमेंटचा थर पूर्ण सुकण्यापूर्वी आच्छादन घालू नये, हा आजचा नियम पाक जी-वॉन याच्या सहाव्या आक्षेपाचे स्मरण करून देतो. खोली सुकवण्याचा काळ आणि खर्च टाळण्याचा मोह अठराव्या शतकातही होता आणि आजही आहे.

११. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

१) उष्ण जमिनीचे आच्छादन हा सजावटीचा थर नसून तापनव्यवस्थेचा अविभाज्य भाग आहे. रोमन जडावकाम आणि कोरियन तेलकट कागद ही बाह्यतः भिन्न दिसणारी आच्छादने उष्णता वर सोडणे व धूर खाली ठेवणे हेच कार्य करीत होती.

२) आच्छादनाचे कार्य इंधनानुसार बदलते. सरपणाच्या काळात धूर रोखणे, कोळशाच्या काळात अदृश्य वायू रोखणे आणि गरम पाण्याच्या काळात उष्णता न अडवणे, असा हा क्रम आहे.

३) कोळशाच्या काळातील मनुष्यहानीचे एक कारण इंधन आणि जमीन यांच्यातील विसंगती हे होते. एक घटक बदलला आणि दुसरा जुनाच राहिला. या हानीचा भार प्रामुख्याने भाडेकरू व श्रमिकांनी सोसला.

४) परंपरेतील कागद व लाकूड यांच्या जागांची विभागणी केवळ रूढी नव्हती. तिच्यामागे पदार्थांच्या गुणधर्मांचे दीर्घ निरीक्षण होते.

दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये ‘ओन्दोल संस्कृती’ला राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. हा गौरव यथोचितच आहे. तथापि वारशाचे स्मरण करताना पिवळ्या कागदाच्या उबदार आठवणींबरोबर त्या कागदाखालच्या भेगेचीही नोंद राहिली पाहिजे. घर बांधणारा आणि घर भाड्याने देणारा, दोघांनाही जमिनीचा वरचा थर निवडताना खालच्या थराला उत्तर द्यावे लागते, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.